हौदाकडची भिंत

"घरात ओल आहे का?" सोलापूरच्या छातीच्या डॉक्टरांनी विचारलं आणि मी हसले. वर शहाणपणा केला तो वेगळाच. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही कळंबचे. आमच्याकडं माणसाच्या घशाला ओल नाही, भिंतीला कुठली येणार?" शेजारच्या खुर्चीवर आई बसली होती. तीही हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं. कबुतरं पाळता का? नाही. घरात पिठाची गिरणी? नाही. तो दिवस आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कारण ओल होती. आईच्या उशापासून हातभर अंतरावर होती, तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि ती मीच हौसेनं बांधून दिली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील मी सातवीत असताना गेले. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्या माणसावर इथं शाई घालवायची माझी इच्छा नाही. तेव्हापासून कळंबच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. चार खोल्या, पुढं थोडं अंगण, अंगणात तुळस.

आईचं निम्मं आयुष्य पाणी आणण्यात गेलं. ईटला, वडिलांच्या गावी होती तोवर डोक्यावर दोन आणि काखेत एक अशा खेपा. चुंबळ बसायची तिथले तिचे केस कायमचे विरळ झालेत. कळंबला आली तर नळ होता, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. नळ आला की आईच्या अंगात यायचं. ड्रम, घागरी, कळशा, पातेली, कुकर, दुधाचं भांडं, सगळं भरायचं. एकदा मी शाळेत जेवायला डबा उघडला तर त्यात पाणी. भाजी-भाकरी ओट्यावर तशीच राहिलेली आणि डबा पाण्यानं काठोकाठ भरलेला. शाळेतल्या बाया आठवडाभर मला चिडवत होत्या.

म्हणून घराची दुरुस्ती काढली तेव्हा मी ठरवलं, आईला हौद बांधून द्यायचा. चांगला मोठा, सिमेंटचा, महिनाभर पुरेल असा. बाहेर अंगणात बांधू म्हटलं तर आई ऐकेना. एका दुष्काळात शेजारचे लोक लग्नाला गेले असताना भरदुपारी कुणीतरी त्यांच्या अंगणातल्या हौदात पाइप सोडून सगळं पाणी पळवलं होतं. ते आईनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं. "हौद घरातच पायजे," ती म्हणाली. "माझ्या नजरंसमोर." मग मागच्या खोलीत हौद, आणि मधली एक भिंत सोडली की आईची झोपायची खोली. खाटही तिनं त्याच भिंतीला लावून घेतली. लोक दागिन्यांची पेटी उशाशी ठेवतात, तसं हे.

गवंडी चांगला माणूस होता. गिलावा झाल्यावर मला म्हणाला, "बाई, आतून अजून वॉटरप्रूफचा एक हात मारायचा राहिलाय. चार दिवस वाळू द्या, मग मारतो. तवर पाणी सोडू नका." बरं म्हटलं. तिसऱ्याच दिवशी सकाळी नळ आला. एरवी करंगळीएवढी धार, त्या दिवशी मात्र मनगटाएवढी. आई पाइप हातात धरून माझ्याकडं बघत उभी. मी त्या गवंड्याचं बोलणं विसरले नव्हते, हे इथं स्पष्ट लिहिते. मला चांगलं आठवत होतं. तरी मी म्हणाले, "भर. परत कधी येईल काय सांगावं?"

राहिलेला हात नंतर मारायचा होता. पण भरलेला हौद रिकामा करायचा कुणी? आमच्या गावात असलं काम सांगणाऱ्याला वेड्यात काढतील. निम्म्यावर आला की नळ यायचा आणि परत भरायचा. गवंडी दोनदा येऊन हौदात डोकावून गेला, दोनदा आईनं त्याला चहा पाजला, आणि तो हात राहिला तो राहिलाच.

पहिल्या उन्हाळ्यात भिंतीवर ओलीचा डाग आला. आई खूश! मे महिन्यात पत्रे तापून घराची भट्टी झालेली, आणि ही बाई भिंतीला गाल लावून पडलेली. आल्यागेल्याला आत नेऊन भिंतीला हात लावायला लावायची. "बघा तरी, लेकीनं कूलर बांधून दिलाय मला." मीही फुशारून जायची. दुसऱ्या वर्षी रंगाला फुगे आले. तिसऱ्या वर्षी पोपडे पडायला लागले आणि ट्रंकेच्या मागं, गोधड्यांच्या ढिगामागं, काळे ठिपके दिसायला लागले. शिळ्या भाकरीवर बुरा येतो ना, तसा भिंतीवर आला होता. खोलीत कुबट वास. आम्हाला तो वास येईनासा झाला इतकी सवय झाली. शाळेतल्या एका बाईनं विचारलं, "तुमच्या पदराला कसला वास येतो हो?" मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. एवढा माझा तोरा.

हौदामुळं डास झाले म्हणून आईनं तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी बंद केली ती कायमचीच. आरोग्य खात्याचा माणूस डासाच्या अळ्या बघायला यायचा. हौदात टॉर्च मारायचा, औषध टाकायचा आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहायचा. एकदा खडू उमटेना. भिंतच एवढी ओली होती. दोन-तीनदा घासून बघितलं त्यानं, मग दारावर तारीख टाकून गेला. मी तिथंच उभी होते. मुलांना सामान्य विज्ञान शिकवते मी! बुरशी कुठं वाढते, तर दमट, अंधाऱ्या, कोंदट जागी. दरवर्षी फळ्यावर लिहून देते आणि पोरांकडून पाठ करून घेते.

आईला खोकला लागला तो तिसऱ्या वर्षीच. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. पायऱ्या चढताना धाप. कळंबच्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली, बाटल्या दिल्या. मग टीबीचा संशय घेतला, बेडका तपासला, काही निघालं नाही. पण तपासला म्हटल्यावर गल्लीत बातमी गेलीच. ज्या बाया आमच्या घरचं पाणी अडीनडीला न्यायच्या, त्या आईला वेगळ्या कपात चहा द्यायला लागल्या. आई तो कप स्वतः विसळून ठेवून यायची. मला कळलं तेव्हा मी गल्लीत जाऊन असं काही बोलले की अजून दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

पण खरी माती खाल्ली ती पुढं. आमच्याकडं नवरात्राच्या आधी सगळं घर झाडून-पुसून काढायचं, घरातली एकूण एक गोधडी धुवायची. आमचे घट ईटला चुलत्यांकडं बसतात, पण आईचं म्हणणं, घट कुठंही बसो, घर निर्मळ पाहिजे. दरवर्षी ती काथ्याचा ब्रश घेऊन ती भिंत खरवडायची. कोरडीच. दारं लावून, धुरळा बाहेरच्या खोलीत उडू नये म्हणून. काळी धूळ तिच्या केसांवर, पापण्यांवर, नाकात. मग मी वरून डिस्टेंपरचा हात मारायची आणि आम्ही दोघी म्हणायचो, झालं बाई एकदाचं लख्ख. त्या रात्रीपासून तिचा खोकला असा उसळायचा की पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही.

आणि तशाच अवस्थेत ती पहिल्या माळेला तुळजापूरला जायची. तिथं माझी मावशी राहते, देवळापासून जवळच. आई तिच्याकडं कोजागरीपर्यंत राहायची. चार-पाच दिवसांत खोकला कमी. आठ दिवसांत पायऱ्या उतरून दर्शनाला. कोजागरीला परत यायची ती ताजीतवानी होऊन, गालावर रंग आणि कपाळाला मळवट. "आईसाहेबांनी घालवला बघ खोकला," म्हणायची. मीही हात जोडायची. का नाही जोडणार? डोळ्यांसमोर दिसत होतं.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत खोकला परत. मग आमच्या दोघींचं डोकं कुठं चालायचं? ओटीत काही राहिलं का? नवस फेडताना चुकलं का? एका वर्षी तिनं देवीचे मंगळवार धरले. पुढच्या वर्षी मंगळवार आणि शुक्रवार. आधीच अंगावर मांस नाही, त्यात आठवड्याचे दोन दिवस उपाशी. मी साबुदाणा भिजवून द्यायची. तीन नवरात्रं असंच चाललं. तीनदा आईच्या छातीनं आम्हाला उत्तर सांगितलं आणि तीनदा आम्ही ते नारळ फोडून परत केलं.

याच काळात सोलापूरच्या डॉक्टरांकडं गेलो होतो आणि मी ते हसून दिलेलं उत्तर दिलं होतं. त्यांनी पंपानं ओढायचं औषध दिलं, तीन महिन्यांनी या म्हणाले. आम्ही गेलो नाही. मधे नवरात्र आलं, खोकला गेला, मग कशाला जायचं?

शेवटी डोळे उघडले ते मावशीनं. पुढच्या श्रावणात ती आठ दिवस राहायला आली. आईच्याच खोलीत, खाली गादी टाकून झोपायची. तिसऱ्या दिवशी ती खोकायला लागली. आयुष्यात कधी न खोकलेली बाई. सकाळी उठून तिनं गोधड्यांचा ढीग ओढला, ट्रंक सरकवली आणि मला हाक मारली. "हे काय गं?" ट्रंकेमागची भिंत कमरेइतकी काळीभोर होती. ट्रंकेच्या पाठीलाही काळं. सगळ्यात खालच्या गोधडीवर हिरवट पांढरी लव आलेली.

"हौदाची ओल आहे मावशी, होतं तसं," मी म्हणाले.

"व्हय? आन् हिचा खोकला?"

"आई तुझ्याकडं आली की जातो. देवीची कृपा."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मला अजून ते डोळे दिसतात. म्हणाली, "शाळा शिकवतीस ना तू? देवी काय फक्त तुळजापुरात हाय व्हय? तुमच्या घरात न्हाय? तिथं खोकला जातो, इथं येतो. आता तीन दिसांत मलाबी आला. म्या कुठला नवस चुकवला, सांग की."

मी तिच्यावर भडकले. आमच्या घरात खोट काढायला आलीस का, असं तोंडावर बोलले. मग त्या भिंतीला हात लावला. बोट आत गेलं. गिलावा ओल्या गुळासारखा मऊ झाला होता. मी तिथंच खाटेवर बसले.

त्याच दिवशी आईची खाट पुढच्या खोलीत आणली. दोन दिवसांनी सोलापूर. मागच्या वेळेपासून वर्ष उलटून गेलं होतं. छातीचा स्कॅन केला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावून बघितला. मी भिंतीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बुरशीचे कण श्वासातून रोज आत जातात, दिसत नाहीत. काही माणसांच्या फुफ्फुसांना ते सोसत नाहीत, सूज येते. वेळेत त्या जागेपासून दूर गेलं तर सूज उतरते, म्हणून तर बाहेरगावी गेल्यावर त्यांना बरं वाटायचं. वर्षानुवर्षं तेच चाललं तर फुफ्फुस आखडतं, राठ होतं. राठ झालेलं परत मऊ होत नाही.

"पण सुरुवातीला कळलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी जुनी फाइल काढून माझ्याकडं फिरवली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, घरात ओल: नाही. "मी विचारलं होतं, मॅडम," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन मी गवंड्याला फोन लावला, हौद फोडायचा म्हणून. आईनं फोन हिसकावला. "भरलाय की गं तो! परवाच तर भरलाय."

"म्हणून काय झालं? मोटर लावून गटारीत सोडू."

"म्या जित्ती असताना?" ती म्हणाली आणि धाप लागून खाली बसली. मी ओरडले, "आई, तुझा जीव जातोय त्या पाण्यापायी!" तिनं दम खाल्ला, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "जीव जायचा तवा जाईल. पाणी गटारीत न्हाय जायचं."

मग पाणी वाटलं. वेगळ्या कपात चहा देणाऱ्या त्याच बाया घागरी घेऊन आल्या, आणि आई अंगणात खुर्चीवर बसून कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाकडं लेकुरवाळी आहे ते बघून आधी-नंतर ठरवत होती. तळाशी राहिलेलं गढूळ पाणी तिनं तुळशीला आणि शेजारच्या लिंबाला घालायला लावलं. अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी गवंडी घण घेऊन आला. आत उतरला, तळाला हात फिरवला आणि वर बघून म्हणाला, "तो एक हात राहिलाच बघा, बाई." त्याला दोष द्यावा असं मला फार वाटलं. देता आला नाही.

हौद फुटला. भिंत पाडून नवी बांधली, खिडकी मोठी केली. घर आता ठणठणीत कोरडं आहे. आईचं मात्र त्यानं काही माघारी आलं नाही. खोकला कमी झाला, पण धाप वाढत गेली. आता अंगणातल्या तुळशीपर्यंत जायचं तरी मधे एकदा टेकावं लागतं. आणि तिचा हिशेब सरळ आहे: हौद होता तोवर ती चालत होती, हौद फुटला आणि ती बसली. भेटायला आलेल्यांना सांगते, "लेकीनं घरात पाणी आणून दिलं होतं मला. लई सुखाचे दिस होते. कुणाची नजर लागली कुणास ठाऊक." लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी चहा ठेवायला आत जाते. एकदा बसून तिला सगळं समजावलं होतं, स्कॅनचा फोटोसुद्धा दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्यानं कुणाचं वाईट होत न्हाय, बाई." मी परत तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात घरी ऑक्सिजनचं मशिन आलं. ते बसवायला एक माणूस आला होता, हातात छापील कागद. कुठं ठेवायचं, वीज किती वेळ जाते, असं एकेक विचारून खुणा करत होता. मग म्हणाला, "खोलीत ओल आहे का?"

मी बोलायच्या आत आई हसली. नळी नाकाला लावलेली, तरी हसली. "वल? आमच्या गावात कुठली वल, बाबा? हितं माणसाच्या घशाला वल न्हाय!" तोही हसला आणि त्यानं नाहीवर खूण करायला पेन टेकवलं.

"होती," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की तो दचकला. "होती असं लिहा."

"मॅडम, आता आहे का तेवढंच लिहायचं असतं."

मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि रकान्याच्या बाहेर, कडेला, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: होती. मुलीनं डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. त्यानं कागद परत घेतला. मग त्यानं मशिनला लावायची छोटी बाटली दाखवली. तिच्यात पाणी भरायचं, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी राहत नाही. रोज सकाळी जुनं पाणी टाकून द्यायचं, बाटली धुवायची, नवीन भरायचं. एक दिवसही चुकवायचं नाही, नाहीतर आत बुरशी धरते.

आता सकाळी उठले की पहिलं ते काम. आई पडल्या पडल्या विचारते, "पाणी भरलं का?" मी म्हणते, भरलं. बाटलीत बुडबुडे यायला लागेपर्यंत ती बघत राहते. पहिल्या दिवशी मी कालचं पाणी मोरीत ओतलं, तर तिनं नाकातली नळी बाजूला केली, दोनदा श्वास घेतला आणि मला रागावली, "टाकलंस? तुळशीला घालायचं की." तेव्हापासून मी ते अर्धी वाटी पाणी अंगणात नेऊन तुळशीला घालते. ती खाटेवरून मान वर करून बघते, मी खरंच घातलं का ते.